मदत हवी आहे: क्लॉटिंगचे (रक्त गोठवणारे) फॅक्टर पाठ आहेत, पण आईला तिच्या गोळीचं कारण सांगता येत नाही

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात इंग्रजीतून, आता एमबीबीएसचं पहिलं वर्ष. फिजिओलॉजीतलं हृदय झालं, रक्त झालं, इम्युनिटी चालू आहे. पाठांतर चांगलं आहे, इंटर्नलला मार्कही बरे पडले. अडचण निराळीच आहे.

माझ्या आईच्या हृदयातली मायट्रल झडप (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधलं दार) सात वर्षांपूर्वी बदलली, मेकॅनिकल बसवली. रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की तिच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. धाकटा भाऊ कितीतरी दिवस त्या आवाजावरच झोपायचा. तेव्हापासून झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज संध्याकाळी असिनोकुमरॉलची गोळी आणि महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी; आकडा मोठा तितका उशीर जास्त. आकडा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. गेल्या पावसाळ्यात परसात राजगिरा आणि शेपू भरपूर आला, रोज ताटात तेच. आकडा आला १.७. आई घाबरली, पालेभाजी बंदच करून टाकली. पुढच्या वेळी ४.६.

रविवारी घरी गेले तर चुलीपुढं बसूनच तिनं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. "तू डॉक्टरकी शिकालीस की, मग सांग बघू. भाजीनं रक्त घट्ट कसं होतंय? आणि गोळी कमी केली तर आकडा लगेच दुसऱ्या दिवशी का उतरत न्हाई?" मी म्हणाले, फॅक्टर दोन, सात, नऊ, दहा. ती "हं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

ते "हं" डोक्यातून जात नाही. एक ते तेरा सगळे फॅक्टर मला येतात, सहावा नसतो हेही येतं. पण आईला पटेल असं एक वाक्य आलं नाही.

मग रात्री बसून आईची सगळी हकीकत लिहून काढली. आठवीत असताना घसा धरला होता. तो बरा झाल्यावर दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा. पुढं बरीच वर्षं काही नाही. भावाच्या वेळी सातव्या महिन्यात विहिरीवरून घागर आणताना धाप लागायला लागली, रात्री उशी उंच घेऊन झोपायची. तेव्हा झडप आक्रसल्याचं कळलं. म्हणजे इम्युनिटी, हृदय आणि रक्त, माझी तिन्ही प्रकरणं माझ्या आईत आहेत, आणि मी ती तीन वेगळ्या वह्यांत लिहून ठेवलीयत. घशाच्या दुखण्यानं झडप कशी गेली? धाप गरोदरपणातच का? आणि भाजी-गोळीचा मेळ काय? कुणी मराठीत समजावून सांगाल का? डोस आमचे डॉक्टरच ठरवतात, त्याबद्दल विचारत नाही.

गोठ्यातला डॉक्टर, निपाणी
मी गुरांचा डॉक्टर, पण तुमच्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाशी माझी रोजची गाठ आहे. आमच्याकडं गुऱ्हाळात, गोदामात उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवतात, ते विष तुमच्या आईच्या गोळीच्याच जातीचं. कुत्र्यानं वडी खाल्ली तर त्या दिवशी काहीच होत नाही, दिवसभर शेपूट हलवत फिरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, नाहीतर पोटात रक्तस्राव. का? औषध रक्तात आधीपासून असलेल्या फॅक्टरना हातच लावत नाही. ते लिव्हरमध्ये नवीन फॅक्टर नीट तयार होऊ देत नाही. जुना साठा संपेपर्यंत रक्त गोठत राहतं. सातवा फॅक्टर सहा तासांत निम्मा होतो, पण दुसऱ्याला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला, तेवढंच उतरायला अडीच-तीन दिवस लागतात. गोळी कमी केल्यावर हेच उलट घडतं. नवा चांगला माल तयार होऊन साठा भरायला दिवस जातात.

आता भाजी. लिव्हर हे चार फॅक्टर बनवतं, पण त्यांना कॅल्शियम धरायला एक आकडी लागते. ती आकडी बसवायचं काम व्हिटॅमिन के करतं. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून वापरतं, आणि गोळी नेमकी तिथं आडवी येते. पालेभाजीत के भरपूर. भाजी वाढली की गोळी कमी पडते, भाजी बंद केली की तीच गोळी जास्त होते. तुमच्या आईचे १.७ आणि ४.६ हे दोन्ही आकडे यातून आले असणार. भाजी सोडायची नसते, रोज सारखी खायची असते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे औषध सापडलंच मुळी गुरांमुळं. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडाकडं बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरत होती. त्या गवतातल्या द्रव्यावरून पुढं वॉरफरिन तयार झालं, आधी उंदीर मारायला, नंतर माणसांच्या औषधाला.

लॅबातला दादा
पीटी म्हणजे काय ते लॅबच्या टेबलावरून सांगतो. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. मग आम्ही प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्यात) टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठणं सुरू करणारं द्रव्य, आणि कॅल्शियम घालून किती सेकंदांत गोठतंय ते मोजतो. कंपनीगणिक रिएजंटचा जोर वेगळा, म्हणून सेकंदांचं आयएनआर करतात, की बेळगावचा आणि पुण्याचा आकडा जुळावा. नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धीच भरली तर आकडा खोटा वाढतो. आईंचं रक्त घेताना तेवढं बघा. आणि त्यांना सांगा, गोळीनं रक्त "पातळ" होत नाही, ते होतं तसंच राहतं. फक्त गोठायला उशीर लावतं.

मेडिसिनवाली ताई
राहिलेले दोन मी घेते. घसा धरतो तो स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळं. शरीर त्याच्या एम प्रोटीनची ओळख पटवून अँटीबॉडी तयार करतं. आपल्या हृदयातली काही प्रोटीनं त्या एम प्रोटीनसारखी दिसतात, म्हणून काही मुलांत जंतू गेल्यावरही मारा चालू राहतो, आणि तो आपल्याच झडपांवर. ओळख पटायला वेळ लागतो, म्हणून मधले ते दोनतीन आठवडे. याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. आमचे सर म्हणायचे, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर तू फिरायला जात असशील, तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. ती लस शरीराच्या ज्या आठवणीवर चालते, तीच आठवण इथं अंगावर उलटते. म्हणून अशा रुग्णांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं देतात, घसा पुन्हा धरूच नये म्हणून.

आता धाप. चांगली मायट्रल झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. आईची दीडच्या खाली आली असणार. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात जवळपास ०.५ सेकंद खालचा कप्पा भरायला मिळतात. ठोके १२० वर गेले की पूर्ण ठोकाच ०.५ सेकंदाचा, आणि कात्री लागते ती मुख्यतः भरण्याच्या वेळेला. अरुंद दार आणि वेळही कमी, मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. गरोदरपणात प्लाझ्मा ४० ते ५० टक्के वाढतो, ठोकेही वाढतात, वर भरलेली घागर. आडवं झाल्यावर पायातलं रक्तही छातीकडं येतं, म्हणून उंच उशी. हार्ट सायकलचा आलेख उघड आणि प्रत्येक रेघेवर आईचं एकेक वाक्य लिही. आलेख पुन्हा विसरणार नाहीस.

धागाकर्ती
ताई, दादा, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. काल रात्री फोनवर आईला कुत्र्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे गोळी आजची न्हाई, परवाच्या रक्तावर चालती." इतकं नेमकं मला व्हायव्हात सांगता येईल का, माहीत नाही. घागरीचं ऐकून मात्र तिला रडू आलं. त्या वेळी आज्जी म्हणायची, आळशी झालीस.

आईचा एक प्रश्न उरलाय. रोज सारखी भाजी म्हणजे वाटीभर कच्ची मोजायची की शिजवलेली?

गोठ्यातला डॉक्टर, निपाणी
शिजवलेली मोजा. आणि वाटी रोज तीच घ्या. किती खायची ते मात्र पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारूनच ठरवा, रिपोर्टबरोबर वाटीपण दाखवा.