येशू देवाचा पुत्र म्हणजे कुंती-सूर्यासारखं काही आहे का?

पावसाळी: नाताळला शेजारी ख्रिश्चन कुटुंबाकडे गेलो होतो, त्यांचा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बघून माझ्या सात वर्षांच्या लेकीने विचारलं की मरियेचा नवरा योसेफ बाबा नाही तर मग येशूचे बाबा कोण. मी पटकन सांगून टाकलं, कुंतीला सूर्यापासून कर्ण झाला ना तसंच. पण शेजारच्या काकूंचा चेहरा जरा पडला, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. त्यांच्यात नक्की काय मानतात?

बावखल: काकू रागावल्या नसतील हो, पण फरक मोठा आहे. कुंतीकडे सूर्य स्वतः येतो आणि कर्णाचा बाप होतो. आमच्याकडे देव नवऱ्याच्या जागी येतच नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया देवदूताला तेच विचारते, माझा पुरुषाशी संबंध नाही मग हे कसं होणार, तर तो देवदूत गब्रिएल म्हणतो की परात्पराचं, म्हणजे देवाचं, सामर्थ्य तुझ्यावर छाया करील. ह्या छायेसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, दर्शनमंडपावर (देवाच्या वस्तीच्या तंबूवर) ढग उतरून राहतो तिथे येतो. मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं. आणि येशूचं पुत्रपण मरियेच्या पोटात सुरू झालं असंही नाही, तो पित्याबरोबर अनादी काळापासून आहे, 325 सालच्या नायसियाच्या बिशपांच्या परिषदेने हेच ठामपणे मांडलं. नवीन काय झालं तर तो माणूस झाला.

नगरी_माणूस: आम्ही प्रोटेस्टंट पंथाचे, कुमारीजन्म आम्हीही मनापासून मानतो. पण मरिया पुढेही कुमारीच राहिली हे आमच्यातल्या बहुतेकांना पटत नाही, मार्क 6:3 मध्ये याकोब, योसे, यहूदा, शिमोन हे येशूचे भाऊ सरळ नावानिशी दिलेत. कॅथलिक त्यांना जवळचे नातलग, मावसभाऊ वगैरे म्हणतात, ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुलं. आणखी एक वाद जुन्या करारातल्या यशया 7:14 चा, तिथे मुलगा होणाऱ्या स्त्रीसाठीच्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'तरुणी' असा आहे, ग्रीक भाषांतरात 'कुमारी' झालं आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने तेच घेतलं.

पावसाळी: मग 8 डिसेंबरचा सण येशू मरियेच्या पोटी आला ह्याचाच का?

बावखल: नाही, तिथे भले भले चुकतात. तो सण मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटी पापाच्या डागाशिवाय आली ह्याचा. येशू पोटी आला तो सण 25 मार्चला, तिथून नऊ महिने मोजा. त्या दिवशी आणि नाताळला मिस्सात (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत) श्रद्धेची घोषणा म्हणताना 'कुमारी मरियेपासून' ह्या ओळीला सगळे गुडघे टेकतात. माझ्या आजीचे गुडघे गेलेत, तरी ती बाकाला धरून खाली बसतेच. लेकीला एवढंच सांगा, येशूचा पिता देव, आणि योसेफाने त्याला हाताशी धरून सुतारकाम शिकवलं, घरात बाबा तोच.