नावेचं नाव बदलताना (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात एका शिडाच्या बोटीचं जुनं नाव मी स्वतःच्या हाताने सोलून काढलं. बोट आम्ही तिघांनी मिळून घेतली आहे, वय बावीस वर्षं. अक्षरं विनाइलची. हेअर ड्रायरची गरम हवा दिली की गोंद सैल होतो आणि नखाने उचललं की अक्षर अख्खं सुटतं. तसं ते सुटलंही. पण त्याखालचा जेलकोट, म्हणजे बोटीच्या अंगावरचा बाहेरचा चकचकीत थर, मूळ रंगाचा राहिलेला आणि आजूबाजूचा उन्हाने विटलेला. अक्षरं गेली तरी नाव जसंच्या तसं वाचता येत होतं! दोन दिवस पॉलिश घासलं तेव्हा कुठे पुसट झालं. सकाळच्या तिरप्या उन्हात अजूनही दिसतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आपल्या भाषेत होडी म्हणजेही नाव आणि ओळख म्हणजेही नाव. एक ‘नौ’पासून आलेलं, दुसरं ‘नाम’पासून, पण ‘नाव बुडणं’ म्हटलं की दोन्ही अर्थ एकदमच कानावर पडतात.

खलाशांची समजूत अशी, की प्रत्येक जहाजाचं नाव समुद्रदेवाच्या वहीत लिहिलेलं असतं. पोसायडन म्हणा, नेपच्यून म्हणा. त्याला न सांगता नाव बदललं तर आपल्याला फसवून कोणी पाण्यातून चाललंय असं तो धरतो. म्हणून आधी जुनं नाव वहीतून खोडण्याची विनंती करायची, मगच नवं नाव घ्यायचं. बोटीवरून जुन्या नावाची प्रत्येक खूण हटवायची, अगदी टॉवेल आणि किल्लीच्या बिल्ल्यापर्यंत. धातूच्या पट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने जुनं नाव लिहून ती पुढच्या टोकावरून समुद्रात सोडायची. शॅम्पेनचा पहिला वाटा समुद्राला. मग नवं नाव, आणि शेवटी चार वाऱ्यांची आळवणी: उत्तरेचा बोरियस, पश्चिमेचा झेफिरस, पूर्वेचा युरस, दक्षिणेचा नोटस. नवं नाव लिहिलेली एकही वस्तू त्याआधी बोटीवर आणायची नाही, हा नियम तर फारच कडक.

आमचा विधी येत्या रविवारी आहे. तुमच्यापैकी कोणी असं नामांतर केलं असेल, पाहिलं असेल, टाळलं असेल, तर लिहा. श्रद्धा की अंधश्रद्धा हा वाद इथे नको. काय केलंत आणि तेव्हा काय वाटलं ते वाचायचं आहे.

* * *

मालवाहू जहाजांवर सत्तावीस वर्षं काढली, शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून. आमच्याकडे नामांतर म्हणजे रोजचं काम. जहाज विकलं, नवा मालक आला की नाव जातं. मी असे चार प्रसंग पाहिले आणि चारही वेळा सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला लागला: नाव शोधण्याला.

पुढे दोन्ही बाजूंना आणि मागे नाव असतं हे कोणीही सांगेल. पण लाइफबोटींवर असतं, प्रत्येक लाइफ रिंगवर असतं, लाइफ जॅकेटवर असतं. आग विझवण्याच्या आराखड्यावर, आणीबाणीत कोणी कुठे उभं राहायचं त्या तक्त्यावर, दाखल्यांच्या फायलीत, रबरी शिक्क्यात. एकदा सगळं झालं असं समजून आम्ही निघालो आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या एका मोठ्या पातेल्याच्या बुडाला जुनं नाव कोरलेलं सापडलं. आमच्या सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, ते पातेलं मुकाट्याने खाली नेलं आणि ग्राइंडर मारून परत आणून ठेवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेरची अक्षरं पुष्कळदा पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेली असतात, म्हणजे रंग उडाला तरी कडा शाबूत राहावी. ती घासून सपाट केली आणि वर तीन हात रंग दिला तरी ऊन कलतं पडलं की खालचं नाव वर येतं. धागाकर्त्याने जेलकोटचं लिहिलंय तेच, फक्त पोलादात.

आता त्या वहीबद्दल. ती खरोखरच आहे! सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक असतो, १ जानेवारी १९९६ पासून सक्तीचा. नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, क्रमांक जन्मापासून भंगारात जाईपर्यंत तोच. आणि २००४ पासून जहाजावर ‘कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्ड’ नावाची नोंद ठेवावी लागते. नाव काय होतं, काय झालं, कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात. जुनी नोंद खोडायची नाही, पुसायची नाही, बदलायची नाही, असा स्पष्ट नियम आहे. जहाज विकलं तरी ती नोंद जहाजावरच राहते. पहिल्यांदा ती फाईल चाळली तेव्हा आमच्या जहाजाची आधीची तीन नावं एकाखाली एक वाचली आणि मला त्या जुन्या खलाशांबद्दल अतिशय आदर वाटला. जहाजाचा भूतकाळ त्याच्याबरोबर चालतो, हे त्यांनी कायदा होण्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून, छोट्या बोटवाल्यांसाठी एक कळकळीची सूचना. देवाला सांगा, पण बचाव केंद्रालाही सांगा.

माझ्या बोटीचं नाव मी विधिवत बदललं. पट्टी सोडली, वाऱ्यांना हाका मारल्या, सगळं केलं. सात महिन्यांनी डेक धुताना आणीबाणीचा बीकन चुकून चालू झाला. हा ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकेत पाठवतो. संकेतात बोटीचं नाव असेलच असं नाही, बीकनची १५ अक्षरी ओळख असते आणि नाव, पत्ता, फोन हे नोंदणीच्या यादीतून काढतात. ती नोंदणी मी बदललीच नव्हती. फोन गेला आधीच्या मालकाला. त्या गृहस्थांनी बोट विकली हे सांगितलं, पण नवं नाव त्यांना माहीत नव्हतं. खरंच बुडत असतो तर शोधणारे जुन्या नावाची बोट शोधत राहिले असते.

त्या रात्री झोप लागली नाही. समुद्र तुला ओळखणार नाही, ही जुनी भीती मला त्या दिवशी शब्दशः कळली. बीकन, व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ), एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आसपासच्यांना कळवणारं यंत्र), विमा, नोंदणी: विधीच्या यादीत ही पाच नावं सर्वांत वर लिहा.

* * *

मी कॅडेट असताना ग्रीनिचला ‘कटी सार्क’ हे जुनं शिडाचं जहाज पाहिलं. नाव बदलणं अपशकुनी म्हणून जो तो ‘मेरी सेलेस्ट’ जहाजाचं उदाहरण देतो: मूळ नाव ‘ॲमेझॉन’, पुढे नाव बदललं आणि डिसेंबर १८७२ मध्ये अटलांटिकवर माणसांवाचून भरकटताना सापडली. ‘लाकोनिया’चंही सांगतात: जुनं डच जहाज, १९६३ मध्ये नवं नाव मिळालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आगीत १२८ माणसं गेली. हे खरं आहे. पण ‘कटी सार्क’ १८९५ मध्ये पोर्तुगिजांना विकली गेली, ‘फेरेरा’ झाली, नंतर ‘मारिया दो आम्पारो’ झाली आणि १९२२ मध्ये एका इंग्रज कप्तानाने विकत घेऊन तिचं नाव तिला परत दिलं. इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने तर १५७८ मध्ये, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरण्याआधी, भर प्रवासात ‘पेलिकन’चं ‘गोल्डन हाइंड’ केलं आणि १५८० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी पोचला.

मला आवडली ती फेरेराच्या काळातली गोष्ट. पोर्तुगीज खलाशी तिला आपसात ‘पेकेना कामिझोला’ म्हणत, म्हणजे आखूड सदरा. ‘कटी सार्क’चा अर्थही तोच! कागदावर ‘फेरेरा’ आणि तोंडात जुनंच नाव, त्यांच्या भाषेत. बोटीच्या काठाला हात लावून मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

* * *

नौदलातून निवृत्त. थोडक्यात लिहितो. विमानवाहू युद्धनौका ‘विराट’ १२ मे १९८७ रोजी आपली झाली. त्याआधी ती ‘एचएमएस हर्मिस’ होती, आणि १९४४ मध्ये बांधणी सुरू झाली तेव्हा तिचं ठरलेलं नाव ‘एलिफंट’ होतं. तिसऱ्या नावाने ती ६ मार्च २०१७ पर्यंत सेवेत राहिली. नाव बदललेलं जहाज अपशकुनी, असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की मी एवढंच सांगतो.

* * *

भूमध्य समुद्रात शिडाच्या बोटींवर तीन हंगाम नोकरी केली. फ्रेंच खलाशांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्याकडे वही नाही, साप आहे. ‘माकुई’ म्हणतात त्याला. बोट पाण्यात उतरली की तो तिच्या मागच्या फेसाळ रेघेला चिकटतो आणि जन्मभर तिच्यामागे येतो. नाव बदलायचं तर आधी तो तोडायला हवा. त्यासाठी १५ ऑगस्टचा दिवस. पुन्हा पुन्हा वळायचं आणि आपलीच मागची रेघ कापत राहायची.

मी सुकाणूवर होतो. वळायचं कधी ते बोटीची मालकीणबाई सांगत होत्या. वारा बेताचा, त्यामुळे प्रत्येक वळणाला बोट मंदावायची आणि रेघ कापेपर्यंत ती विरून जाईल की काय अशी धाकधूक. शेवटच्या वळणाला मला ती स्पष्ट दिसली, गुळगुळीत पट्टा, आणि आम्ही बरोबर त्यावरून आडवे गेलो. कोणीही बोललं नाही. त्या दिवसाइतकं नेटकं सुकाणू मी पुन्हा धरलेलं नाही.

* * *

मी खलाशी नाही. माझे बाबा गेल्यावर त्यांची बोट आम्हाला विकावी लागली. बोटीला आईचं नाव होतं.

घेणारं जोडपं तरुण होतं. नाव बदलणार हे त्यांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितलं. मी ‘तुमची बोट, तुमची मर्जी’ म्हणाले आणि घरी येऊन रडले. दोन आठवड्यांनी त्या मुलीचा फोन आला. ‘ताई, जुनं नाव काढण्याचा विधी आहे. समुद्राला ते नाव शेवटचं ऐकवायचं असतं. आम्ही ते वाचण्यापेक्षा तुम्ही वाचलंत तर बरं होईल असं वाटतं. येता का?’

गेले. त्यांनी बाबांची सगळी लॉगबुकं कापडात बांधून ठेवली होती, कारण जुनी लॉगबुकं बोटीवर ठेवत नाहीत. ती त्यांनी माझ्या हातात दिली. चौदा वह्या. पट्टीवर नाव लिहायला पेन माझ्याकडेच दिलं. शाईचं अक्षर माझ्याकडून जरा वाकडं आलं. मी आईचं नाव मोठ्याने वाचलं आणि पट्टी सोडली. ती सरळ खाली गेली नाही, हिंदकळत, डावी-उजवीकडे चमकत गेली, त्यामुळे बराच वेळ दिसत राहिली.

नवं नाव ठेवताना मी मागे उभी होते. टाळ्याही वाजवल्या, मनापासून. त्या मुलीने न बोलावलं असतं तर ती बोट मला कायम कोणीतरी हिसकावून नेल्यासारखी वाटली असती.

* * *

शेवटच्या फेरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भंगारात निघालेल्या जहाजाचंही पुष्कळदा नाव बदलतं. स्वतःच्या इंजिनावर चालणारं आजवरचं सर्वांत लांब जहाज घ्या, ४५८ मीटरचं: ‘सीवाइज जायंट’, मग ‘हॅपी जायंट’, ‘यारे वायकिंग’, ‘नॉक नेव्हिस’, आणि गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्याला लागण्यापुरतं ‘माँट’.

मी अशा एका फेरीवर सेकंड इंजिनिअर होतो. जुन्या नावातली काही अक्षरं पांढऱ्या रंगाने झाकली आणि उरली ती झालं नवं नाव. त्याला अर्थही नव्हता. विधी नाही, बाटली नाही. अठरा दिवस आम्ही रेडिओवर ते अर्धं नाव सांगत होतो. किनाऱ्यावर चढवायच्या आदल्या रात्री इंजिन रूममध्ये आम्ही सगळे तिला जुन्याच नावाने बोलत होतो. तसं ठरवलं नव्हतं. सकाळी पूर्ण वेगात तिला वाळूवर घातली आणि मुख्य इंजिन बंद केलं. ती शांतता मला अजून ऐकू येते.

* * *

धागाकर्ता: सगळं पुन्हा पुन्हा वाचतोय. बीकनची नोंदणी आज बदलायला टाकली, त्या प्रतिसादाचे मनापासून आभार.

आणि ताई, तुमचा अनुभव वाचून मी काल आमच्या बोटीच्या आधीच्या मालकांना फोन केला. वय ऐंशीच्या पुढे. रविवारी येता का विचारलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘येतो. पण इंजिनच्या पेटीचं झाकण उलटं करून पाहिलंत का?’

आत्ता पाहून आलो. आतल्या बाजूला पेन्सिलने बोटीचं नाव आणि त्याखाली प्रत्येक तेलबदलाची तारीख, बावीस वर्षांची. ते मी पुसलेलं नाही. रविवारी त्यांनाच विचारीन.