आर्मी फुटबॉल २०२४: बारा मॅच जिंकल्या तरी शेजारचे आजोबा तोंड पाडून का बसले?

रॅरिटनकर:
नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, न्यू जर्सीत अकरा वर्षं काढली तरी. पण शेजारी एक आजोबा राहतात, वेस्ट पॉइंटचे, म्हणजे अमेरिकन सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या कॉलेजचे, सत्तरच्या दशकात तिथे कॅडेट होते, त्यांच्यामुळे २०२४ चा आर्मीचा, म्हणजे त्या कॉलेजच्या टीमचा, अख्खा सीझन बघणं झालं. दर शनिवारी हाक मारायचे, मी चहाचा थर्मास घेऊन जायचो, ते माझ्यापुढे चिप्सचा बाऊल सरकवायचे. पहिल्या नऊच्या नऊ मॅच जिंकल्या, मग नोत्र दामकडून ४९-१४ असा बेदम मार खाल्ला, आजोबा म्हणाले ठीक आहे, ते मोठे लोक. नंतर टुलेनला ३५-१४ हरवून कॉन्फरन्सची, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या टीमच्या गटाची, चॅम्पियनशिप घेतली तेव्हा आजोबांचे डोळे भरून आलेले मी बघितले. आणि आठच दिवसांनी नेव्हीकडून, म्हणजे नौदलाच्या कॉलेजकडून, ३१-१३ हरले तर असं सुतक की विचारू नका, टीव्ही बंद, बोलणं बंद, मी आपला थर्मास उचलून घरी. पुढे बोल गेम, म्हणजे सीझननंतरची आमंत्रणाची मॅच, जिंकून बारा विजय झाले, शाळेच्या इतिहासात एवढे कधीच झाले नव्हते म्हणतात, तरी त्यांचं आपलं "हो, पण नेव्ही".
तर दोन प्रश्न. एक, ही टीम बॉल फेकतच का नाही? बाकीचे कसे लांब लांब फेकतात, हे आपले ढकलत ढकलत तीन यार्ड, चार यार्ड. दुसरा, बारा जिंकल्यावर एका मॅचचं एवढं काय?

टचडाऊन_तात्या:
अरे वा, इथे कुणीतरी आर्मीबद्दल विचारलं, आज दिवस सार्थकी लागला 😀
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. वेस्ट पॉइंटला पोरगा गेला की डिग्रीनंतर किमान पाच वर्षं सैन्यात नोकरी. शिवाय कमिशन मिळायच्या आधी वजन सैन्याच्या मापात बसवावं लागतं. म्हणजे दीडशे किलोचा पहाड, ज्याला एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची, स्वप्नं पडतात, तो इथे कशाला येईल? शिवाय हल्ली कॉलेजची पोरं जाहिरातींचे पैसे घेतात, ते यांना बंद. दुसऱ्या कॉलेजातले तयार खेळाडू उचलून आणायची जी पद्धत पडलीये तीही यांना जवळपास बंदच, उलट यांचेच पळवले जातात. २०२४ ला हजारावर यार्ड पळालेला कान्ये उडोह सीझन संपता संपता ॲरिझोना स्टेटला गेला, बोल गेमलाही नव्हता.
तर असे आकाराने लहान पण चिवट गडी घेऊन करायचं काय? त्यावर उपाय म्हणजे ऑप्शन. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा गडी, बॉल घेतो, पहिला पर्याय मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटात द्यायचा, दुसरा स्वतःच घेऊन पळायचं, तिसरा बाहेरून पळणाऱ्याकडे मागे टाकायचा. तिन्हीतलं काय करायचं ते बॉल हातात आल्यावर, समोरचा एक ठरलेला गडी काय करतो ते बघून. त्या गड्याला मुद्दाम कुणी अडवतच नाही! तो फुलबॅकवर धावला की क्वार्टरबॅक बाहेर, तो बाहेर आला की फुलबॅक आत. आपल्याकडे कबड्डीत रेडर हूल देतो ना, तसं, फक्त इथे अकरा जण मिळून एकच हूल देतात. एक जण कमी अडवावा लागतो म्हणजे लहान टीमला एक माणूस फुकट मिळाला. समोरच्या टीमला या खेळाची सवय नसते, तयारीला एकच आठवडा मिळतो, तोवर हे वर्षभर तेच घोटतात.
आणि घड्याळ! नॉर्थ टेक्ससची मॅच बघितलीत का? दुसऱ्या हाफमध्ये आर्मीने ९४ यार्डांची चाल केली, २१ प्ले, १३ मिनिटं ५४ सेकंद. क्वार्टरच १५ मिनिटांचा असतो राव. समोरची टीम पॉइंट करण्यात पटाईत, पण बॉलच मिळाला नाही तर करणार काय, बेंचवर बसून पाणी पीत बसले बिचारे. मॅच १४-३. तुमच्या आजोबांना विचारा, ती चाल त्यांना तोंडपाठ असेल.

सावळा_गोंधळ:
तात्या तुमचं सगळं मान्य पण जरा हवा जास्त भरताय. शेड्यूल बघा की. राईस, टेंपल, टल्सा, यूएबी, या काय टीम आहेत? खरी मोठी टीम एकच भेटली, नोत्र दाम, आणि तिथे ३५ ने हरले. ढकलाढकली चालते ती बारक्यांपुढेच.

टचडाऊन_तात्या:
@सावळा_गोंधळ, नोत्र दाम पुढे थेट राष्ट्रीय फायनलपर्यंत गेली, ओहायो स्टेटकडून हरली, त्यामुळे तिच्याकडून हरणं ही काय लाज नाही. आणि बारक्या टीम म्हणताय, तर २००३ ला हीच आर्मी ०-१३ होती, तेराच्या तेरा हरली होती. तेव्हाही ती अशाच बारक्यांच्या कॉन्फरन्समध्ये होती आणि त्यांच्याकडूनच हरत होती. ते झेपेना म्हणून नंतर एकोणीस सीझन स्वतंत्र खेळले, कॉन्फरन्सच नको. २०२४ ला अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आले आणि पहिल्याच वर्षी चॅम्पियन, तेसुद्धा शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा.
कोच जेफ मंकन २०१४ पासून आहे. २०२२ ला नियम बदलला, पायात पडून अडवण्यावर बाहेरच्या बाजूला बंदी आली, ऑप्शन खेळणाऱ्यांचा अर्धा जीवच गेला. म्हणून २०२३ ला त्याने जुनी पद्धत सोडून शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला मागे उभं करून, नवीन काहीतरी करून बघितलं, सुरुवात २-६. मग शहाणा झाला, २०२४ ला चाली आखणारा नवा कोऑर्डिनेटर कोडी वॉर्ली, आणि जुन्या-नव्याची मिसळ. मॅचमागे तीनशेच्या आसपास यार्ड नुसतं पळून, देशात पहिला नंबर. आणि ज्या ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे पुढे उभं राहून वाट मोकळी करणाऱ्या गड्यांना, लोक बारकी म्हणतात तिलाच देशातल्या सर्वोत्तम लाइनचं जो मूर अवॉर्ड मिळालं. मोठमोठ्या कॉलेजांच्या लाइन मागे टाकून! हे मला चॅम्पियनशिपपेक्षा भारी वाटतं, पण हे आपलं माझं मत.
क्वार्टरबॅक ब्रायसन डेली, टेक्ससच्या अ‍ॅबरनेथी नावाच्या गावचा. दिसायला क्वार्टरबॅक कमी आणि पोती उचलणारा जास्त. सीझनमध्ये ३२ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) पळून केले. क्वार्टरबॅकचा आधीचा विक्रम नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सचा, २०१३ चे ३१, तोही गेला. हाइझमनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात सहावा. आर्मीवाल्यांना शेवटची हाइझमन १९५८ ला मिळालीये, पीट डॉकिन्सला, त्यामुळे सहावा नंबरही दिवाळीच.

निवृत्त_खडकवासला:
मला त्या खेळातलं तात्यांएवढं कळत नाही पण दुसऱ्या प्रश्नावर बोलायचा थोडा हक्क आहे. एनडीएत तीन वर्षं काढली आहेत. आमच्याकडे स्क्वाड्रनमधली क्रॉस कंट्री असायची, बाहेरच्या माणसाला वाटेल पोरं पळतायत, पण ती हरलो तर पुढचे कित्येक दिवस मेसमध्ये मान वर करून जेवता यायचं नाही. वर्षभर काय काय जिंकलं ते कुणी विचारत नाही, समोरच्या स्क्वाड्रनने काय केलं ते विचारतात. आणि गंमत म्हणजे पुढे नोकरीत त्याच समोरच्या माणसाबरोबर तंबूत राहायचं असतं. आर्मी-नेव्ही हे त्याचंच मोठं रूप. १८९० पासून चाललंय, पहिली मॅच वेस्ट पॉइंटच्या परेड ग्राउंडवर झाली, नेव्ही २४-० ने जिंकली. त्यांच्याकडे म्हणे जिमपासून छपरापर्यंत जिथे जागा मिळेल तिथे "बीट नेव्ही" लिहिलेलं असतं. रॅरिटनकर, आजोबांना समजून घ्या.

झेंडू_फ्रॉम_मेरीलँड:
मी नेव्हीच्या बाजूची 🙋‍♀️ नेव्हीचं कॉलेज असलेलं अ‍ॅनापोलिस इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे बाजू आपोआप ठरली. ती मॅच लँडोव्हरला होती, आम्ही गेलो होतो, थंडीने बोटं गेली पण काय मॅच! ब्लेक होरवथ एकटा २०४ यार्ड पळाला, दोन टचडाऊन पळून, दोन फेकून. आणि सगळ्यात धमाल तो फेक पंट. सगळ्यांना वाटलं आता लाथ मारून बॉल देऊन टाकणार, आणि बॉल कुणाकडे तर लँडन रॉबिन्सनकडे, जो मधे उभा राहून धक्के खाणारा एकशे तीस किलोचा गडी, तो २९ यार्ड पळाला, दुडुदुडू पण पळाला! आमच्या पुढच्या रांगेतले एक नेव्हीचे काका खुर्चीवर चढले आणि त्यांची बायको त्यांचं जॅकेट धरून खाली ओढत होती 😂 तात्या, हुलीचं म्हणाल तर त्या दिवशी ती आमची होती.
आणि एक, आर्मी-नेव्ही कॉन्फरन्सच्या टेबलात धरतच नाहीत, दोघे एकाच कॉन्फरन्समध्ये असूनही. म्हणून आर्मी आधी चॅम्पियन झाली आणि नंतर आमच्याकडून हरली. त्या वर्षीची कमांडर-इन-चीफ ट्रॉफी, आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिघांची मिळून असते ती, आमच्याकडे आली.

सावळा_गोंधळ:
बोल गेमचं पण सांगा की कुणीतरी, समोरची मार्शलची टीम ऐनवेळी खेळाडू उरले नाहीत म्हणून पळून गेली आणि लुइझियाना टेकला बोलावलं. २७-६. बारावा विजय तो. फुकटचा नाही म्हणणार पण 😏

टचडाऊन_तात्या:
समोर कोण उभं राहावं हे आर्मी ठरवते का? जे आले त्यांना हरवलं. विषय संपला.

रॅरिटनकर:
सगळ्यांचे आभार, काल हा धागा आजोबांना भाषांतर करून वाचून दाखवला. मेरीलँडच्या ताईंच्या पोस्टवर हुं सुद्धा केलं नाही. नॉर्थ टेक्ससच्या चालीवर मात्र गडी खुलला, चिप्स टेबलावर मांडून मला ऑप्शन शिकवला, फुलबॅक म्हणून माझी चहाची कपबशी.
एक राहिलंच होतं सांगायचं. नेव्हीची मॅच संपल्यावर दोन्ही टीम मैदानात एकत्र उभ्या राहतात, आधी हरलेल्यांच्या कॅडेटांसमोर त्यांचं शाळेचं गाणं, मग जिंकलेल्यांचं. म्हणून ते दुसऱ्यांदा गायचं म्हणजे जिंकायचं असं म्हणतात. तर आजोबा त्या दिवशी पायात नुसते मोजे, हातात रिमोट, पण हॉलमध्ये ताठ उभे. स्वतःचं गाणं संपलं तरी बसले नाहीत, नेव्हीचं संपेपर्यंत तसेच. मग टीव्ही बंद. काल विचारलं की एवढं का लागलं, तर म्हणाले माझ्या वेळी १९७३ ला आम्ही ०-१० होतो आणि नेव्हीने ५१-० मारलं, तेव्हापासून मोजतोय.
आता पुढच्या सीझनला आर्मीच्या मायकी स्टेडियमला घेऊन जातो म्हणालेत. सोबत लहान मुलगी असेल, काय काय न्यावं?

टचडाऊन_तात्या:
ओळखपत्रं विसरू नका, लष्करी ठाणं आहे, गेटवर तपासतात. मॅचच्या तीन तास आधी परेड ग्राउंडवर कॅडेटांची परेड असते, ती चुकवू नका, पोरीला आवडेल. पॅराशूटने उतरतात तेही. तोफ उडते तेव्हा तिच्या कानावर हात ठेवा. आणि थर्मास आत नेऊ देतात का ते आधी स्टेडियमच्या साइटवर बघून घ्या.