गेम बनवायचाय की इंजिन?

चाळकरी: परवा इथे एका बारावीच्या पोराने विचारलं, गेम बनवायला सुरुवात कुठून करू. त्याला उत्तर काय मिळालं, तर "आधी दोन वर्षं सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा घोट, स्वतःचं इंजिन लिही, रेडिमेड वापरणं म्हणजे चीटिंग". इंजिन म्हणजे गेममधली चित्रं, हालचाल, आवाज, टक्कर सांभाळणारं सॉफ्टवेअर. डोकंच फिरलं. हाच सल्ला ऐकून मी सहा महिने घालवलेत, काळी विंडो उघडली, त्यात त्रिकोण आला, तो फिरला आणि मी थकलो. गेम शून्य. मग गोडो हे रेडिमेड इंजिन उतरवलं, फुकटचं, माझ्या चार जीबीच्या डबड्यावरही चाललं आणि तीन रविवारांत पाँग तयार. १९७२ चा गेम, दोन पट्ट्या एक चेंडू, पण मेनू, आवाज, स्कोअरसकट पूर्ण केलेला.

पॉइंटरभाऊ: तो सल्ला माझाच. चीटिंग हा शब्द जास्त झाला, मागे घेतो. पण ऑफिसातल्या ज्युनियरने गेम दाखवला, त्याच्याकडे मस्त, माझ्या १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर चेंडू सुसाट. दर फ्रेमला पाच पिक्सेल सरकव असं लिहिलेलं! विचारलं तर म्हणे सर तुमचा मॉनिटर खराब आहे. आणि सप्टेंबर २०२३ ला युनिटी या इंजिनवाल्या कंपनीने गेम बनवणाऱ्यांना दर इन्स्टॉलमागे पैसे लावायचं जाहीर केलं तेव्हा कसे सगळे बोंबलत होते? वर्षभराने मागे घेतलं ते सोडा.

चाळकरी: डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, गुणायला एक ओळ लागते भाऊ, दोन वर्षं नाही. आणि गोडो एमआयटी लायसन्सवर आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरायला मोकळं, त्याला पैसे कोण लावणार?

गोरेगावची आई: मध्येच विचारते, लॅमिंग्टन रोडला दुकानदार म्हणाला गेम बनवायचा तर ऐंशी हजाराचा लॅपटॉप लागेल. मुलगा आठवीत आहे हो, स्क्रॅच करतो, ते ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं.

चाळकरी: ताई, तिथून आधी बाहेर पडा.

लगोरी: तुमचं इंजिन-इंजिन चालू दे, मी विटीदांडूचा गेम मराठीत करत होतो तर तेव्हाच्या इंजिनात "विटी"ची वेलांटी व च्या उजवीकडे. "प्रारंभ" बटणावर प चा पाय मोडलेला, पुढे रारंभ. शेवटी प्रत्येक शब्दाचं चित्र काढून चिकटवलं, एकशे चाळीस चित्रं!

पॉइंटरभाऊ: इंग्लिशमध्ये करायचा ना मग. मराठीत खेळणार कोण?

लगोरी: माझी आजी खेळली, काय म्हणणंय? पंच्याहत्तरीची बाई विरारहून फोन करून लेव्हल विचारायची. तुम्ही मुंबईत राहून रिक्षावाल्याशी पण हिंदीत बोलत असाल.

पॉइंटरभाऊ: पर्सनल होऊ नका. मी गिरगावातला आहे.

लगोरी: मग तर जास्तच लाज वाटायला हवी.

चाळकरी: भांडू नका रे. गोडो ४ मध्ये, म्हणजे मार्च २०२३ पासून, देवनागरी नीट येते. जोडाक्षरंसुद्धा.

लगोरी: हे आता सांगतोयस? एकशे चाळीस चित्रं!!

पॉइंटरभाऊ: काल रात्री उतरवून बघितलं. "प्रारंभ" बरोबर दिसतं. तुमचं सगळं पटलंय असं समजू नका. चेंडू जोरात गेला की पट्टीच्या आरपार जातोय, कंटिन्युअस कोलिजनचं, म्हणजे दोन फ्रेमच्या मधली टक्करही पकडायचं, सेटिंग यात कुठे दडवलंय?

चाळकरी: दोन वर्षं सी प्लस प्लस घोट, मग सांगतो.