रक्तातली फौज आणि वेशीवरची फौज

रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीविरुद्ध लढणाऱ्या पेशी सापडल्या म्हणजे ती स्त्री सुरक्षित, असा एक दावा आहे. इथे थोडं अडतं. विषाणू शिरतो योनीमार्गाच्या आणि गर्भाशयमुखाच्या अस्तरातून, आणि तिथल्या पेशींचा हिशेब रक्तातल्या पेशींशी जुळेलच असं नाही.

नैरोबीच्या पुमवानी भागात 1985पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास चालला. वारंवार संपर्क येऊनही त्यांतल्या काहींना लागण होत नव्हती. अशा काही जणींच्या गर्भाशयमुखात एचआयव्ही ओळखणाऱ्या सीडी-८ पेशी (विषाणूने ग्रासलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) मिळाल्या. तिथून घेतलेल्या नमुन्यात मुळात पेशीच मूठभर असतात, त्यामुळे हे काम चिकाटीचं (रक्त काढणं त्यामानाने पोरखेळ). पण पुढे त्यांतल्याही काहींना लागण झालीच. आणि ती व्यवसायातून काही काळ बाहेर राहिलेल्यांत जास्त दिसली! म्हणजे विषाणूशी गाठ पडत राहिली तोवर पहारा जागा होता, असा तर्क निघतो. मला तो पटतो, पण पेशी असूनही लागण झाली, हे विसरू नये.

दुसरी गोम सीडी-४ पेशींची, म्हणजे बाकीच्या फौजेला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशींची. दाह झाला की त्या मदतीला धावतात, आणि विषाणूला शिरायला नेमक्या त्याच हव्या असतात. दक्षिण आफ्रिकेत टेनोफोविर जेलच्या (एचआयव्ही रोखण्यासाठी योनीत लावायच्या औषधी जेलच्या) चाचणीतल्या ज्या स्त्रियांच्या जननमार्गात दाह होता, त्यांना लागणीची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. त्यामुळे ‘जितक्या पेशी जास्त तितकं बरं’ हे गणित तिथे लागू होत नाही.