आषाढीची पूजा 'शासकीय' कशासाठी?

निवांत_सोलापूरकर: दरवर्षी आषाढीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात, टीव्हीवर लाइव्ह, आणि साकडंही ठरलेलं, पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे. भक्तीवर माझा आक्षेप नाही, घरात वारी आहे. पण घटनेप्रमाणे राज्याला धर्म नाही ना? मग ही पूजा 'शासकीय' कशी काय? माणूस म्हणून जाऊन हात जोडा की, कोण अडवतंय.

वाळवंटी: दादा, सरकारला देवळाबाहेर काढायची घाई नको. १९४७ ला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा कुठे दलितांना दार उघडलं. पुढे १९७३ चा पंढरपूर मंदिरांचा कायदा आला, आणि बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क सुप्रीम कोर्टात जाऊन शेवटी संपले ते २०१४ ला. देवळं सगळ्या हिंदूंना खुली करायला कायदा करता येतो हे कलम २५ मध्येच लिहिलंय.

खडूस_काकू: कारभार बघा ना, नाही कोण म्हणतंय, पण म्हणून पूजेचा पाट पण सरकारचाच? रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असते, म्हातारी माणसं रात्र रात्र उभी, आणि त्यातल्या एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून आत घेतात, एसटीचा वर्षाचा पास देतात, की झाली लोकशाही! २०१८ ला मराठा आंदोलनामुळे मुख्यमंत्री आलेच नाहीत, वर्षा बंगल्यावर पूजा केली. वारीचं काय अडलं?

बिनपरवाना: मला पूजेपेक्षा सरकारच्या सोवळ्याचा त्रास जास्त होतो. २००५ ला डान्सबार बंद केले, कारण काय तर तरुण पिढी बिघडते, पण थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट, म्हणजे तिथे नाचलं की संस्कृती सुरक्षित :D हायकोर्टाने २००६ ला ती बंदी उडवली, २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. दारूचं तर विचारूच नका, १९४९ च्या कायद्याने प्यायला परमिट लागतं आणि त्याच दारूच्या टॅक्सवर तिजोरी भरते.

वाळवंटी: दारूबंदीला नावं ठेवू नका, गडचिरोलीत १९९३ ला लोकांनी, बायकांनी आंदोलन करून आणलीय ती. कोणा साहेबाची नैतिकता नव्हती.

बिनपरवाना: मान्य. पण शेजारी चंद्रपुरात २०१५ ला लावली आणि २०२१ ला उठवली, ती पण बायकांच्या मागणीवरूनच आली होती ना?

निवांत_सोलापूरकर: विषय बारमध्ये गेला राव. काकूंचं पटलं, हिशेब आणि रांग सरकारने बघावी, अभिषेक नको. पण हे कुठला आमदार विधानसभेत बोलून दाखवेल?

खडूस_काकू: ज्याला पुढच्या वेळी तिकीट नकोय तो.