अनुभव धागा: व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना आणि तिथून घरी आणताना

रातपाळी
काल एका ओळखीच्या घरून फोन आला. “परवा भरती करतोय, आजपासून थेंब दिलेला नाही.” ते ऐकलं आणि डिटॉक्स वॉर्डातल्या (नशा तोडतानाचे पहिले दिवस जिथे काढतात) रात्री डोळ्यांपुढे आल्या. म्हणून हा धागा. या कामातल्या लोकांनी नेमकं लिहावं, घरच्यांना उपयोग होईल असं.

सुरुवात माझ्याकडून. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. आणि खरा घात, डिलिरियम ट्रेमेन्स, बहुधा ४८ ते ९६ तासांत होतो. म्हणजे घरचे “दोन दिवस निघाले, सुटलो” म्हणतात, नेमकं तेव्हा. माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, दिवस की रात्र ते कळत नाही, नाडी धावते, अंग तापतं. हे नाटक नसतं, यात जीव जाऊ शकतो. आधी कधी फिट किंवा असा भ्रम झाला असेल तर पहिले दिवस चोवीस तास डॉक्टर असलेल्या ठिकाणीच काढा.

थरथर बघायची तर हात समोर ताठ करायला सांगा, बोटं फाकवून. नुसतं दिसलं नाही तर आपल्या बोटांची टोकं त्यांच्या टोकांना लावा, लगेच कळतं.

औषधवाला
वरच्याला जोडून. थरथर आणि फिट रोखायला डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, डोस रोज उतरवत साधारण आठवड्यात बंद. यकृत फार खराब असेल तर लोराझेपाम, कारण ते शरीरात साठत नाही. या गोळ्या घरी शिल्लक ठेवू नका, त्यांचंही व्यसन लागतं.

त्याहून महत्त्वाचं थायमिन, म्हणजे बी१. “अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची सलाईन लावा” हा घरच्यांचा हट्ट असतो. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर ते पचवताना उरलंसुरलं बी१ संपतं आणि मेंदूला इजा होते: वर्निके. गोंधळलेपण, डोळ्यांची विचित्र हालचाल, लटपटती चाल. तिन्ही लक्षणं एकत्र कमी जणांतच दिसतात, आणि लटपटणाऱ्याला बघून सगळे म्हणतात, “अजून उतरली नाही.” गोळीतून बी१ नीट शोषलं जात नाही, सुरुवातीला इंजेक्शनच लागतं. डॉक्टरांना सरळ विचारा, थायमिन दिलंत का. विचारण्यात गैर काही नाही.

मोगरा२२
थायमिनबद्दल +१. वाचनखूण साठवली.

कातरवेळ
दारूचंच चाललंय, गर्द आणि ब्राऊन शुगरचं लिहिते. शेवटच्या डोसनंतर ८-१२ तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट: जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखं दुखणं. आठवड्याभरात बराचसा भर ओसरतो. यात फिट सहसा येत नाही, पण पाणी कमी पडून माणूस खचतो, तेव्हा मीठ-साखर-पाणी घोटघोट चालू ठेवा.

हा त्रास शमवायला ब्युप्रेनॉर्फिन हे औषध जिभेखाली देतात, पण विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्यावरचा हा त्रास, नीट सुरू झाल्यावरच. घाईने आधी दिलं तर तेच औषध विड्रॉल एकदम उफाळून आणतं, आणि मग पेशंटचा उपचारावरचाच विश्वास उडतो.

झोपेच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांना दारूसारखीच फिट येऊ शकते. त्या आठवडे, कधी महिने लावून उतरवतात. घरचे लाजेपोटी गोळ्यांचं सांगत नाहीत. घरात सापडतील त्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून दाखल करताना घेऊन या. अगदी सगळ्या.

अंगणवेल
पिशवीवरून आठवलं. सामानात माउथवॉश, आफ्टरशेव्ह, अत्तर, सॅनिटायझर भरू नका. आत काढूनच घेतात, यांत बहुधा अल्कोहोल असतं. चष्मा मात्र हमखास विसरला जातो! मग आठवडाभर वाचन-लेखनाचं काम अडतं आणि “मन लागत नाही” अशी तक्रार येते. मन कसं लागणार, अक्षरं दिसत नाहीत.

मधुमेह असेल तर इन्सुलिनची चिठ्ठी वेगळी, हातात द्या. पहिल्या दिवसांत जेवण धड जात नाही, जुनाच डोस चालू राहिला तर साखर खाली जाते.

पायवाट
फोन का काढून घेतात? भावाला उद्या न्यायचंय, तो याच एका गोष्टीवर अडलाय.

समुपदेशन_कक्ष
पायवाट, पुरवठा करणाऱ्यांचे नंबर त्यातच असतात, आणि तलफ आली की बोट आपोआप तिकडे जातं. दुसरं, घरी फोन करून “इथे मारतात, घेऊन जा” म्हणणं पहिल्या दहा दिवसांत फार होतं. पण प्रत्येक तक्रार खोटी समजू नका हो. भेटायला जा, एकट्याशी बोलू द्या असा आग्रह धरा. डॉक्टर रोज येतात का, नर्स रात्री असते का, औषधांची नोंद दाखवता का, खोलीला बाहेरून कुलूप लावता का, हे दाखल करायच्या आधी विचारा. मारहाण, साखळी, भेटायला पूर्ण बंदी यातलं काही दिसलं तर माणसाला तिथे ठेवू नका.

भावाला सांगा, घरचा एकच माणूस फोन घेईल आणि ठरलेल्या वारीच घेईल. चौघांना चार फोन गेले की चार निर्णय होतात.

आणि डिटॉक्स म्हणजे उपचार नव्हे. दारू तुटल्याचा अंगाचा त्रास साधारण आठवड्यात ओसरतो. पुढचे आठवडे कशासाठी? तर ठरल्या वेळी उठणं, आपलं ताट आपण धुणं, गटात बसून दुसऱ्याचं ऐकणं, पिण्याने झालेलं नुकसान प्रसंग-तारखेसह लिहून काढणं. तिसऱ्या आठवड्यात चेहरा उजळतो, भूक लागते, आणि “आता मी ठणठणीत, सोडा” सुरू होतं. घरचे विरघळतात ते इथेच. गटात रडणारा माणूस बरा चाललाय, हसून सगळ्याला हो म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

पायवाट
धन्यवाद ताई. आईला हे वाचून दाखवते.

मोगरा२२
पायवाट, उद्या सगळं नीट होवो. तुमचीही झोप सांभाळा.

औषधवाला
एक कळकळीची विनंती. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून द्यायची गोळी, भाजीत, चहात लपवून देऊ नका. गोळीचं माहीत नसताना त्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लालबुंद, धडधड, रक्तदाब कोसळणं, आणि हृदय कमकुवत असेल तर मृत्यूसुद्धा. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्यावर, त्याच्या संमतीनेच सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. खोकल्याची काही औषधंसुद्धा चालत नाहीत.

नाल्ट्रेक्सोन तलफ कमी करतं, पण गर्द घेणाऱ्याचे किमान ७-१० दिवस कोरडे गेल्याशिवाय नको. अकॅम्प्रोसेट हेही दारू सुटलेली राहावी म्हणून देतात, त्याला मूत्रपिंड ठीक लागतं. तिन्ही डॉक्टरच ठरवणार.

कातरवेळ
घरी येण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. गर्द, ब्राऊन शुगर घेणाऱ्यांचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे बाहेर आल्यानंतरचे पहिले आठवडे. आत राहून शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पण डोक्यात माप जुनंच असतं. तो जुना डोस एकदा घेतला की श्वास थांबतो. हे पेशंटला डिस्चार्जच्या आधी तोंडावर, स्पष्ट सांगा. “सांगितलं तर सुचेल” ही भीती सोडा.

ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, हाक मारून उठत नाही: लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. नालोक्सोन, म्हणजे गर्दचा असर तोडणारं औषध, मिळत असेल तर द्या, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि माणूस परत बुडू शकतो. शुद्धीवर आला म्हणून एकटं सोडू नका.

मधला_बाक
डिस्चार्जच्या दिवशीच संध्याकाळची मीटिंग गाठा, “सोमवारपासून” नको. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ पासून चालू आहे, फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. स्पॉन्सर (आधी सोडलेला, सोबत करणारा जुना सदस्य) लगेच सापडला नाही तरी तीन जणांचे नंबर घेऊन या आणि तलफ नसतानाच त्यांना फोन करायची सवय लावा. ऐन तलफेत अनोळखी नंबर लावला जात नाही. तलफ लाटेसारखी, बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहायचं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारपैकी काय चाललंय तेही तपासा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, १९५१ पासून. तिथे “त्याला कसं सुधारू” हे शिकवत नाहीत, पण जाणाऱ्याची स्वतःची दमछाक कमी होते.

अंगणवेल
विषय सोडून विचारते, घरी आल्यावर झोप किती दिवसांनी लागते? बायका सारखं विचारतात, रात्रभर येरझाऱ्या चालतात म्हणे.

रातपाळी
आठवडे लागतात, काहींना महिने. सोडलेल्याचं ते नेहमीचं लक्षण आहे, घाबरू नका. दुपारची झोप टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको, उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कितीही वाईट गेली तरी. आणि शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी अजिबात नको.